किनाऱ्यावर तेल आलं तर: गावाला सफाईत कधी, कसं आणि कुठपर्यंत घ्यायचं

समुद्रातून तेल आलं की गाव धावतं. बादल्या, फावडी, घमेली घेऊन आणि बहुतेक वेळा अनवाणी. तळमळ खरी असते, क्रम चुकलेला असतो. तेल पायाखाली पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, दाबलं जातं, तेलापेक्षा वाळूच जास्त भरली जाते, गोण्या उन्हात फुटतात आणि आठवड्याने जिथे तेल नव्हतं तिथेही ते दिसायला लागतं. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा दगडांत अडकलेला घट्ट गाळ माणसांनी बादल्यांनी उपसला. डिसेंबर २०२३ मध्ये एन्नोरच्याच खाडीत पुन्हा तेल पसरलं आणि मच्छीमार पुरेशा संरक्षक साधनांशिवाय त्यात उतरले. तेच कोकणात होऊ नये म्हणून हा क्रम लिहिला आहे. तो सरपंच, मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी, रापण संघ (किनाऱ्यावरून मोठं जाळं एकत्र ओढणारे मच्छीमार), बचत गट आणि किनाऱ्यालगतच्या शाळांतले शिक्षक यांच्यासाठी आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर येणारे काळे तेलगोळे ही एक गोष्ट, आणि जहाज फुटून आलेला ताज्या तेलाचा थर ही दुसरी. तेलगोळे गाव उचलू शकतं, प्रशासनाला कळवून आणि कचऱ्याची सोय लावून. ताज्या तेलाला तटरक्षक दल आणि जिल्हा प्रशासन यांच्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही.

## टप्पा १: पावसाळ्याआधीची तयारी

संकट आल्यावर हातमोजे शोधायला तालुक्याला माणूस पाठवला की दिवस गेला. मे महिन्याच्या आत ग्रामपंचायतीत तीन गोष्टी तयार हव्यात: नकाशा, सामान आणि कचऱ्याची जागा.

नकाशा. किनाऱ्याचे २०० मीटरचे तुकडे पाडा, त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक तुकड्यात वाळू आहे, कातळ आहे, गोटे आहेत की कांदळवन ते लिहा. खाडीचं मुख, ओढे, कासवांच्या घरट्यांची जागा, होड्या लावायची जागा, ट्रॅक्टर जाईल असा रस्ता, सगळं दाखवा. आणि एक खूण जरूर करा: दरवर्षी प्लास्टिक, ओंडके आणि तुटकी जाळी कुठे साचतात? वारा आणि प्रवाह तेलही बहुधा तिथेच आणून टाकतात. ही माहिती कुठल्याही कार्यालयात नसते, रापण ओढणाऱ्यांना आणि होडीवाल्यांना तोंडपाठ असते.

सामान. दहा-दहा माणसांच्या तीन तुकड्या, म्हणजे एकूण तीस माणसं धरून एका दिवसाला साधारण इतकं लागतं:

- नायट्राइलचे लांब हातमोजे ६० जोड (दिवसाला माणशी दोन), आत घालायला सुती मोजे
- वेगवेगळ्या मापांचे पीव्हीसी गमबूट ३० जोड, डोळ्यांचे चष्मे ३०
- अंगभर संरक्षक पोशाख. तो नसेल तर लांब बाह्यांचे जुने सुती कपडे आणि वरून प्लास्टिकचा एप्रन
- सरळ धारेची चपटी फावडी १०, दाताळी ६, घमेली २०, पाच-सहा मिलिमीटर भोकांच्या चाळण्या ४
- जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि तितक्याच गोण्या, प्रत्येकी ३००
- झाकणाची २०० लिटरची पिंपं ६, मोठ्या ताडपत्र्या ६
- पिण्याचं पाणी १५० लिटर, ओआरएसची पाकिटं, प्रथमोपचार पेटी
- खोबरेल तेल ५ लिटर, सुती चिंध्या, साबण
- खुंट्या, दोरी, मोजपट्टी, वही आणि पेन्सिली (ओल्या हातात पेन चालत नाही)

दवाखान्यात वापरतात ते पातळ लॅटेक्सचे मोजे घेऊ नका. तेल लागलं की लॅटेक्स फुगतं, मऊ पडतं आणि बोटाच्या टोकाशी फाटतं. मोजा घातलाय या भरवशावर माणूस काम करत राहतो आणि आत तेल कातडीला लागलेलं असतं.

कचऱ्याची जागा. या टप्प्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी हीच राहून जाते. उधाणाच्या भरतीरेषेच्या वर, विहिरी आणि ओढ्यांपासून दूर, ट्रक पोचेल अशी सपाट जागा हवी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि तहसीलदार यांच्याकडून ती आधीच लेखी मान्य करून घ्या. तेलकट वाळू हा साधा कचरा नाही. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत, आणि तो तळोज्यासारख्या परवानाधारक केंद्रातच जायला हवा.

> तपासा: गोण्या ठेवायची जागा ठरली नसेल, तर एकही गोणी भरायची नाही.

## टप्पा २: दिसल्याबरोबर कळवा, हात लावू नका

तटरक्षक दल: १५५४. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष: १०७७. फोनवर सांगायच्या गोष्टी: जागा, वेळ, तेलाचा रंग, पट्ट्याची लांबी-रुंदी, वास आहे का, वारा कुठून आहे आणि जवळपास जहाज दिसतं का. फोटो काढताना शेजारी फावडं किंवा चप्पल ठेवा, म्हणजे आकार कळतो.

सफाईआधी नमुना घेतला गेला पाहिजे, नाहीतर तेल कोणत्या जहाजाचं हे पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यायचा, झाकणाच्या आत ॲल्युमिनियमचा पत्रा लावायचा. प्लास्टिकची बाटली नको, तिच्यातले घटक तेलात उतरतात. शक्यतो अधिकाऱ्यांनाच घेऊ द्या. गावाने घ्यावा लागलाच तर दोन पंचांसमोर घ्या, वेळ आणि जागा लिहून मोहोरबंद करा.

> सावधान: तीव्र वास येत असेल, डोकं दुखत किंवा गरगरत असेल, तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला निघून जा. ताज्या तेलातून बेंझीनसारखी विषारी वाफ निघते. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. विडी-सिगारेट पूर्ण बंद.

जहाजाचा अपघात असेल तर कंटेनर किंवा पिंपंही वाहून येतात. २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा ३ या जहाजावरच्या काही कंटेनरमध्ये कॅल्शियम कार्बाइड होतं. पाणी लागलं की त्यातून पेट घेणारा ॲसिटिलीन वायू सुटतो. असं काही दिसलं की लोकांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.

## टप्पा ३: तेल लागण्याआधी किनारा रिकामा करा

गावाचा खरा उपयोग इथे आहे. तेल समुद्रात दिसलं आणि किनाऱ्याला लागायला काही तास असले, तर त्या तासांत जितके हात मिळतील तितके लावा. या कामाला खास पोशाख लागत नाही, साधे मोजे आणि चप्पल-बूट पुरतात. तेल अजून लांब असेल आणि वास नसेल, तर शाळेतली मोठी मुलंही शिक्षकांसोबत चालतील.

प्लास्टिक, थर्माकोल, ओंडके, झावळ्या, तुटकी जाळी, शेवाळाचे ढीग, सगळं पुढच्या भरतीरेषेच्या वर नेऊन टाका. कारण सरळ आहे. कोरडी बाटली ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत जाते, तीच बाटली तेलात बुडाली की घातक कचरा होते. तेलगळतीत गोळा होणारा कचरा मूळ तेलाच्या दहा पट, कधी तीस पटही भरतो, आणि त्यातला बराचसा असा टाळता येण्याजोगा असतो.

होड्या वर ओढा, रापणीची आणि सुकत घातलेली जाळी उचला, सुकी मासळी आत घ्या. खाडीच्या तोंडाशी तरंगता अडसर लावणं हे तटरक्षक दलाचं काम. ओहोटीला पाणी कुठून जोरात ओढतं ते मात्र त्यांना गावातल्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, दाखवायचं. जोरदार प्रवाहाला अडसर आडवा लावला की तेल त्याच्या खालून निसटतं. तो तिरका लावावा लागतो, आणि किती तिरका ते प्रवाह ओळखणाऱ्यालाच कळतं.

## टप्पा ४: माणसं निवडा, नोंदवा, शिकवा

अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, दम्याचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण, हातापायावर जखम किंवा त्वचारोग असलेले यांना तेल उचलायच्या कामावर घेऊ नका. नाराजी होईल, तरीही. त्यांच्यासाठी पाणी-जेवण, नोंदी, सामान वाटप, फोन आणि वाहतूक ही कामं आहेत, आणि ती कोणी न केल्याने सफाई थांबते.

दहा माणसांमागे एक म्होरक्या. रापण संघ असेल तर त्याचीच रचना वापरा. एकाच्या हाकेवर चाळीस जणांनी एकत्र ओढायचं, एकत्र थांबायचं ही शिस्त तिथे आधीच आहे. म्होरक्याने स्वतः फावडं धरायचं नाही. त्याने माणसांकडे, घड्याळाकडे आणि पाण्याकडे पाहायचं.

अर्ध्या तासाचं प्रशिक्षण पुरतं, पण ते किनाऱ्यावर प्रत्यक्ष करून दाखवा: मोजे उलटे करत कसे काढायचे, फावडं किती खोल घालायचं, गोणी किती भरायची, कुठून आत जायचं आणि कुठून बाहेर यायचं. शेवटी प्रत्येकाला मोजे काढून दाखवायला लावा. काही जण बाहेरची बाजू उघड्या बोटांनी धरतात.

## टप्पा ५: तेल उचलणं

वेळ. काम ओहोटीला करायचं. जुना हिशोब उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या आसपास बसतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी येते, ते सोयीचं. अष्टमीच्या आसपास ती भर दुपारी येते, तेव्हा पाळ्या अर्ध्या तासाच्या करा.

हद्दी. दोरी आणि खुंट्यांनी तीन पट्टे आखा: तेलाचा, धुण्या-उतरवण्याचा आणि स्वच्छ. आत-बाहेर एकच वाट. तेलाच्या पट्ट्यात माणसं वरच्या कोरड्या बाजूने शिरतील आणि स्वच्छ वाळूवर उभी राहून तेल ओढतील, तेलावर उभी राहून नाही. एक गमबूट तेलाचा थर तीन-चार बोटं खाली दाबतो. मग जिथे वरून खरवडून भागलं असतं तिथे खणावं लागतं.

तेलगोळे. ते सकाळी गोळा करा. रात्रीच्या गारव्याने गोळा कडक असतो, हाताने उचलला की अखंड येतो. वरून वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले, दाबला तर आत चकचकीत मऊ काळं. दुपारच्या उन्हात तोच गोळा पसरतो आणि पोळीच्या पिठासारखा फावड्याला चिकटतो. मोठे गोळे हाताने, बारीक दाताळ्याने ओढून चाळणीवर. चाळताना कोरडी वाळू जागच्या जागी खाली पडू द्या.

तेलाचा थर. घट्ट थर असेल तर फावडं आडवं धरून वरचा एक-दोन सेंटीमीटरच खरवडा. वाहतं तेल असेल तर किनाऱ्याला समांतर उथळ चर काढून त्यात साचू द्या आणि बादलीने पिंपात भरा. पिंप तीन-चतुर्थांशच भरायचं, नाहीतर उचलताना सांडतं.

या टप्प्यावर नेहमी होणाऱ्या चुका:

- जेसीबी पुळणीवर उतरवणं. तासाभरात किनारा साफ दिसतो. प्रत्यक्षात चाकांनी तेल खाली गाडलेलं असतं आणि ट्रकभर चांगली वाळू गेलेली असते. ती वाळू परत येत नाही, पुढच्या पावसाळ्यात धूप वाढते. ट्रॅक्टर-ट्रॉली फक्त भरतीरेषेच्या वर, गोण्या वाहायला.
- तेलावर कोरडी वाळू टाकून झाकणं, खड्ड्यात पुरणं. पुढच्या उधाणाला सगळं पुन्हा उघडं पडतं.
- पेंढा, भुसा, काथ्या भरमसाट पसरणं. थोडा काथ्या चरात किंवा जाळ्यात गुंडाळून वापरला तर तेल धरतो. मोकळा पसरला तर तो गोळा करणं हेच नवीन काम होतं. लाकडाचा भुसा तर पाण्यात बुडून तळाशी जातो.
- साबण, डिटर्जंट किंवा रॉकेल ओतणं. तेल दिसेनासं होतं, संपत नाही. ते पाण्यात मिसळून तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांपर्यंत पोचतं.
- तेलकट कचरा जाळणं. धूर गावावर, राख-डांबर किनाऱ्यावर.

पाऊण तास काम, पाव तास सावलीत विश्रांती. प्लास्टिकच्या पोशाखात घाम सुकत नाही, माणूस अचानक कोसळतो. बोलणं अडखळलं, घाम थांबला किंवा कोणी चिडचिड करायला लागला तर लगेच बाहेर काढा.

## टप्पा ६: गोण्या आणि ढीग

गोणी दहा ते पंधरा किलोच भरा, म्हणजे निम्म्याहून कमी. ओली वाळू जड असते. भरलेली गोणी ओढत नेली की बूड फाटतं आणि स्वच्छ पट्ट्यात काळी रेघ उमटते. आत प्लास्टिक पिशवी, बाहेर गोणी, तोंड सुतळीने बांधलेलं, वर तुकड्याचा क्रमांक आणि तारीख.

जात वेगळी ठेवा: पातळ तेल, तेलकट वाळू, तेलगोळे, तेलकट शेवाळ-काटक्या, मोजे-पोशाख-चिंध्या. सगळं एकत्र केलं की विल्हेवाटीच्या केंद्राला ते निवडता येत नाही, आणि खर्च वाढतो. मेलेले पक्षी-मासे यांत टाकू नका, वन विभागाला कळवा.

जमिनीवर आधी ताडपत्री, कडेला वाळूच्या गोण्यांचा बांध, मग गोण्या, वरून पुन्हा ताडपत्री. उघड्यावर ठेवलेली पातळ पिशवी कडक उन्हात काही दिवसांत चुरचुरते आणि मऊ झालेलं तेल खालून झिरपतं. पावसाळ्यात बांधाच्या आत साचलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, ते पिंपात.

> तपासा: दिवस संपताना गोण्या मोजा. वहीतला आकडा आणि ढिगातला आकडा जुळला पाहिजे. एकही गोणी रात्री भरतीरेषेखाली राहता कामा नये.

## टप्पा ७: माणसं स्वच्छ करणं

उतरवण्याच्या पट्ट्यात क्रम असा: आधी गमबूट चिंधीने पुसून टबात, मग पोशाख आतली बाजू बाहेर काढत गुंडाळून, चष्मा, आणि सगळ्यात शेवटी मोजे. मोजे आधी काढले की उघड्या हातांनी तेलकट पोशाख सोडवावा लागतो.

कातडीला लागलेलं तेल पेट्रोल किंवा रॉकेलने काढू नका. त्याने कातडी सोलपटते आणि तेलातले घटक आत शिरतात. खोबरेल चोळा, दोन मिनिटं थांबा, चिंधीने पुसा, मग साबण-पाणी. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे न्या. तेलकट कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. हात धुतल्याशिवाय पाणी, चहा, तंबाखू, काहीही तोंडात जाता कामा नये.

## टप्पा ८: जिथे गावाने उतरायचं नाही

कांदळवन. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि ते रायगडच्या तिवरांपर्यंत पोचलं. अशा वेळी आत शिरून मुळं पुसायचा मोह होतो. तिवर आपल्या वर आलेल्या मुळांनी श्वास घेते. चिखलात माणसं शिरली की ती मुळं मोडतात आणि वर तरंगणारं तेल चिखलात खोल दाबलं जातं, तिथे हवा नसल्याने ते वर्षानुवर्षं कुजत नाही. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाची माणसं होडीतून, पाण्याच्या हलक्या झोताने काम करतात. गावाने बाहेरच्या कडेला तरंगत आलेला कचरा थोपवला तरी खूप झालं.

कासवांची घरटी असलेल्या पट्ट्यात (वेळास, आंजर्ल्यासारख्या गावांत साधारण नोव्हेंबर ते मे) दाताळं चालवायचं नाही, कासवमित्र दाखवतील तेवढ्याच जागेत हाताने उचला. निसरडे कातळ, बंधाऱ्याचे दगड आणि समुद्रात होडीतून तेल उपसणं, हे सगळं प्रशिक्षित माणसांचं काम. तेलाने माखलेला पक्षी जिवंत दिसला तर धुवायला घेऊ नका. खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वन विभागाला १९२६ वर कळवा.

## टप्पा ९: कधी थांबायचं

हे पहिल्या दिवशीच अधिकाऱ्यांबरोबर लिहून ठरवा. नाहीतर शेवटच्या काळ्या ठिपक्यापर्यंत वाळू उपसली जाते आणि तेलापेक्षा सफाईचंच नुकसान मोठं होतं. वापरातल्या पुळणीसाठी चालेल अशी कसोटी: पृष्ठभागावर गोळे किंवा थर नाही, पांढरी चिंधी वाळूवर दाबली तर काळी होत नाही, ओल्या वाळूत पाय दाबला तर तवंग येत नाही.

वरून स्वच्छ दिसलं म्हणून खाली स्वच्छ असतंच असं नाही, लाटा तेलावर नवी वाळू घालतात. प्रत्येक तुकड्यात तीन जागी, वर-मध्ये-खाली, अर्धा मीटर खोल खड्डा घ्या आणि काळी रेघ दिसते का पाहा. दिसली तर खोली लिहा, खणत सुटू नका.

## टप्पा १०: वही

सफाईइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, कारण भरपाई वहीवर ठरते. रोज लिहायचं: कोण, किती तास, कोणत्या तुकड्यात, किती गोण्या, कोणत्या जातीच्या, सामानाच्या पावत्या, ट्रॅक्टरचे तास, रोज एकाच जागेवरून काढलेला फोटो. होडीवाल्यांनी बंद राहिलेले दिवस, खराब झालेली जाळी (फेकून न देता जपून ठेवलेली), आणि आधीच्या दोन-तीन हंगामांच्या सोसायटीतल्या विक्रीच्या नोंदी जोडायच्या. तोंडी सांगितलेलं नुकसान दाव्यात टिकत नाही.

तेल टँकरमधलं असेल तर १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारांखाली भरपाई मागता येते, भारत त्यात सहभागी आहे. मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षं आणि घटनेपासून जास्तीत जास्त सहा. दुसऱ्या जहाजाचं इंधन असेल तर वाट वेगळी, म्हणून दावा जिल्हाधिकारी कार्यालयामार्फतच पाठवा, आणि पंचनाम्याची एक प्रत सोसायटीच्या कपाटात ठेवा.

पुढची दोन उधाणं झाली की तेच खड्डे, त्याच जागी, पुन्हा घ्या. त्या नोंदी त्याच वहीत.